राखणदारांचे फलक

३ मार्च, सोमवार

गेली सत्तावीस वर्षं मी वस्तुसंग्रहालयात फलक लिहितो. फलक म्हणजे काचेच्या कपाटात वस्तूशेजारी जी लहानशी पाटी असते, ती. लोक ती वाचत नाहीत. वाचली तर चूक काढायला वाचतात. माझी तक्रार नाही.

आज संचालकबाईंनी मला जिन्यात गाठलं. प्रदर्शनं उभी करणारे आमचे अभिरक्षक परवा त्याच जिन्यावरून पडले आणि त्यांचा पाय दोन ठिकाणी मोडला. ११ एप्रिलला उघडायचं प्रदर्शन आता मी उभं करायचं आहे. विषय, ‘राखणदार : प्राचीन कलेतली दैवी संरक्षणाची चिन्हं’. बाई म्हणाल्या, “जमेल ना?” मी म्हटलं, “जमेल.” वास्तविक मी आयुष्यात काहीच उभं केलेलं नाही. दुसऱ्यांनी उभं केलेल्याखाली लिहिलं आहे. म्हणून आजपासून ही दैनंदिनी. उद्या काही बिघडलं तर कुणाच्या चुकीने बिघडलं याची कुठेतरी नोंद असावी.

घरचं : काल लेक आली, नातीला घेऊन. चार दिवस विश्रांती घेते म्हणाली. चार दिवसांसाठी तीन बॅगा, नातीचं दप्तर आणि नातीचा जन्मदाखला. आमच्या घरात सामान आटोपशीर ठेवणं कुणाला जमलंच नाही. एवढ्या उकाड्यात ती लांब बाह्यांचे कपडे घालते. हल्ली तशी पद्धत असावी.

हिने, म्हणजे बायकोने, आमच्या पलंगावर धुतलेली चादर घातली, तो दोघींना दिला, आणि मला बाहेरच्या कोचावर झोपायला सांगितलं. ही स्वतः त्यांच्याजवळ जमिनीवर झोपते. हिचे गुडघे दुखतात हे ही सगळ्यांना सांगत असते, तेव्हा हे मला कळलेलं नाही.

५ मार्च, बुधवार

खोकी उघडली. बऱ्याचशा प्रतिकृती आहेत, मोठ्या संग्रहालयांनी उसन्या दिलेल्या. सगळ्यात अवजड आहे तो माणसाच्या डोक्याचा पंखवाला बैल. असे बैल असीरियाच्या राजवाड्यांच्या दारांत दोन्ही बाजूंना उभे असत. आमच्या सुताराने खोक्याची फळी काढली, वाकून पाहिलं, बोटांनी मोजलं.

“साहेब, याला पाय पाच आहेत.”

“असतात.”

“मग ठीक. नाहीतर म्हणाल आम्ही जास्तीचा लावला.”

मी समजावून सांगितलं. समोरून पाहिलं की दोन पाय दिसतात आणि तो थांबलेला असतो. बाजूने पाहिलं की चार दिसतात आणि तो चालत असतो. शिल्पकाराला दोन्ही हवं होतं.

सुतार म्हणाला, “म्हणजे जो अंगावर येईल त्याला अडवून उभा. आणि जो घरचा, त्याच्या सोबत चालतो.”

हे मला सत्तावीस वर्षांत सुचलेलं नव्हतं. फलकात घेतलं. सुताराचं नाव घालण्याची आमच्याकडे सोय नाही.

दुपारी कचेरीत जावईबापूंचा फोन. “बाबा, दोघी नीट पोचल्या ना? माझा फोन उचलत नाहीये ती. काळजी वाटली.” माणूस मोठा लाघवी. माझ्या रक्तदाबाची आठवणीने चौकशी केली. माझ्या रक्तदाबाची घरात कुणी चौकशी करत नाही.

८ मार्च, शनिवार

आज मातीचे कुत्रे लिहिले. पाच आहेत, प्रत्येक हाताच्या बोटाएवढा. असीरियात हे राजवाड्याच्या दारापाशी जमिनीत पुरत, म्हणजे वाईट आत शिरायला लागलं की यांनी ते थोपवायचं. प्रत्येकाच्या अंगावर त्याचं नाव कोरलेलं आहे. ‘वाईटाला हाकलणारा’. ‘शत्रूला धरणारा’. ‘वैऱ्याला चावणारा’. ‘भुंकणं मोठं’. आणि एकाचं नाव ‘विचार करू नकोस, चाव’.

जेवताना ही नावं वाचून दाखवली. नात म्हणाली, तिला शेवटचा हवा. लेक आल्यापासून पहिल्यांदा हसली. मग हात धुवायला उठली आणि बराच वेळ नळ सोडून आतच राहिली. पाणी जपून वापरावं, असं मी नंतर म्हणालो. हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

लेकीच्या डाव्या डोळ्याखाली पिवळसर डाग आहे. कपाटाचं दार लागलं म्हणाली. त्यांच्याकडची कपाटं सरकत्या दारांची आहेत, पण एखादं तसं असेल.

इजिप्तचा रक्षक डोळाही आजच लिहिला. देवांच्या भांडणात एकाचा डोळा फोडला गेला, दुसऱ्या देवाने तो पुन्हा सांधला, आणि तेव्हापासून लोक तो डोळा संरक्षणासाठी अंगावर बांधू लागले. कधीच न दुखावलेला डोळा त्यांनी का निवडला नाही, याचं उत्तर पुस्तकांत सापडलं नाही. जागाही कमी होती.

हिने दाराला दुसरी कडी बसवून घेतली. चोऱ्या वाढल्यात का, असं विचारलं. “वाढल्यात,” म्हणाली. वर्तमानपत्रात तसं काही नाही.

१२ मार्च, बुधवार

लेकीला कुठल्याशा कचेरीत काम होतं आणि ही तिच्याबरोबर गेली. म्हणून नात माझ्याबरोबर संग्रहालयात. सहा वर्षांची आहे, पण त्रास नाही. सांगितलं तिथे बसते. जरा जास्तच बसते. कुठे दार आपटलं की उठून कपाटामागे जाऊन उभी राहते आणि थोड्या वेळाने आपण होऊन परत येते. खेळ असावा.

आज पंखवाल्या देवीचं चित्र भिंतीवर चढवलं. शवपेटीच्या कडेवरची आहे. गुडघ्यावर बसलेली, दोन्ही हात पसरलेले, हातांना पंख, आणि ते पंख आतल्या माणसावर धरलेले.

नात खाली उभी राहून बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, “आईपण असंच करते.”

“कसं?”

तिने हात पसरून दाखवले. चेहरा भिंतीकडे, पाठ आमच्याकडे. “आणि मी इथे आत असते.”

मी म्हटलं, “छान!” मुलीला कलेची समज आहे.

सुताराने हातोडी थांबवली होती. नात पाणी प्यायला गेली तेव्हा मला म्हणाला, “साहेब, विचारा तिला, आई असं कधी करते ते.”

मी म्हटलं विचारू. पण तेवढ्यात काचा आल्या, आणि काचा आल्या की माणसाला दुसरं काही सुचत नाही.

१५ मार्च, शनिवार

जावईबापू संग्रहालयात आले. मला भेटायला असे आजवर कुणी आले नव्हते. सफरचंदांची टोपली आणली. मी त्यांना प्रदर्शन फिरवून दाखवलं. पाझुझूपाशी थांबले. हा वाऱ्याचा राक्षस. कुत्र्याचं तोंड, विंचवाची शेपटी, स्वतः वाईट. पण तान्ह्या मुलांच्या जिवावर उठणारी एक राक्षसीण होती, ती फक्त याला भिते, म्हणून बाळंतिणी याचंच मुंडकं गळ्यात घालत. जावईबापू म्हणाले, “म्हणजे वाईटाला घाबरवायला वाईटच लागतं.” मी म्हटलं, अगदी बरोबर. हुशार आहेत.

मग चहा घेताना डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हणाले, “बाबा, ती हल्ली फार हळवी झालीये. काहीच्या काही मनात घेते. आईंना माझ्याविषयी काय काय सांगितलंय कोण जाणे. तुम्ही समजूतदार आहात. मला फक्त दहा मिनिटं शांतपणे बोलायचंय तिच्याशी.”

मला वाईट वाटलं. नवराबायकोत तिसऱ्याने पडू नये हे खरं, पण दार तर कुणी उघडायला हवं. मी सांगितलं, उद्या रविवार, दुपारी तीन ते सहा ही बहिणीकडे असते. तेव्हा या.

हिला सांगितलं नाही. सगळं गोड झाल्यावर सांगेन. माझ्या हातून काही जुळून येतंय याचा आनंद आहे.

१६ मार्च, रविवार

लेकीच्या मनगटाचं हाड मोडलं आहे. डावं.

१९ मार्च, बुधवार

रविवारचं लिहायला हवं. नोंद ठेवायची असं मीच ठरवलं होतं.

सव्वातीनला बेल वाजली. मी दोन्ही कड्या काढल्या. लेक स्वयंपाकघराच्या दारात आली, त्याला पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं. ओरडली नाही. नातीला म्हणाली, “जा गं.” नात आत गेली.

तो म्हणाला, “बाबा, पाच मिनिटं द्याल आम्हाला?” फार अदबीने म्हणाला. मी चपला घातल्या आणि खाली जाऊन वर्तमानपत्र घेतलं. पाच मिनिटं म्हणाला होता, मी दहा दिली. कोपऱ्यावर उभं राहून खेळाचं पान वाचलं. मला खेळात गती नाही.

वर आलो तर समोरच्या घरातली शिंपीणबाई आमच्या दारावर हातातल्या इस्त्रीने ठोकत होती. दाराला इस्त्रीच्या टोकाचे खड्डे पडले आहेत. तेवढ्यात दार उघडून तो बाहेर आला. शर्ट नीट खोचलेला. मला म्हणाला, “बाबा, ती पडली. जरा बघा.” आणि जिना उतरून गेला. सावकाश उतरला.

लेक जमिनीवर, भिंतीला टेकून. मी हात पुढे केला, तर तिने आधी डोकं झाकलं. मग मी आहे हे पाहिलं.

नात माझ्या कपड्यांच्या कपाटात होती. कोटांच्या मागे, गुडघे छातीशी, दोन्ही तळवे कानांवर. मी कपाट उघडल्यावर तिने तळवे काढले नाहीत. “आईने सांगितल्यावरच काढायचे असतात,” म्हणाली.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसं झालं. मी म्हणायला लागलो, पडली. लेक म्हणाली, “नवऱ्याने पिरगळला.” मग डॉक्टरीणबाईंनी एकेक विचारलं आणि तिने एकेक सांगितलं. साडेतीन वर्षं. मी पडद्याच्या अलीकडे तिची पिशवी धरून उभा होतो. मला कुणी बाहेर जा म्हटलं नाही, मीही गेलो नाही.

संध्याकाळी हिने विचारलं, “दार कुणी उघडलं?”

मी म्हटलं, “मी.”

त्याला बोलावलंही मीच होतं, हे सांगितलं नाही. हिने त्यापुढे काही विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी काल लिहिणार होतो. खात्री नाही म्हणून लिहिलं नाही.

२१ मार्च, शुक्रवार

आज आठवलं. गेल्या वर्षी लेकीचा कचेरीत फोन आला होता. म्हणाली, “बाबा, मी काही दिवस तिकडे येऊ का?” मी कारण विचारलं. “असंच,” म्हणाली. मग मी म्हटलं, “बाळ, दोन भांडी एकत्र आली की आवाज होणारच.” ती म्हणाली, “हो बाबा.” फोन ठेवला. वाक्य चांगलं जमलं असं मला तेव्हा वाटलं होतं. मी ते शेजारच्या टेबलावर ऐकवलंही होतं.

२४ मार्च, सोमवार

कामावर गेलो. बेचाळीस फलक तयार आहेत. सगळ्यांत एक वाक्य आहे. ‘हा घराचे रक्षण करतो.’ ‘ही बालकांचे रक्षण करते.’ दिवसभर ती वाक्यं खोडली. त्याजागी काय लिहायचं ते सुचेना.

संचालकबाई आल्या. कुलपं बनवणाऱ्या एका कंपनीने प्रदर्शनाला हातभार लावला आहे, त्यांचं नवं कुलूप शेवटच्या कपाटात ठेवायचं आहे. “परंपरा आजही चालू आहे, असं काहीतरी लिहा,” म्हणाल्या. मी लिहितो म्हटलं. मग म्हणाल्या, “तुमची तब्येत बरी दिसत नाही.” मी म्हटलं, रक्तदाब.

सुताराला म्हटलं, घरच्या दाराचं काम आहे, संध्याकाळी येशील का. आला. दोन्ही कड्या काढून जाड बसवल्या, चौकटीत लांब स्क्रू मारले, बाहेरचं दिसावं म्हणून दाराला काचेचा डोळा लावला. काम झाल्यावर दार दोनदा खांद्याने रेटून पाहिलं आणि म्हणाला, “बाहेरून आता हत्ती आला तरी हलायचं नाही. बाकी, आतल्यानेच उघडलं तर त्याला इलाज नाही, साहेब.”

त्याला काहीही माहीत नाही. सगळ्याच गिऱ्हाइकांना सांगत असणार.

२७ मार्च, गुरुवार

लेकीने तक्रार दिली आहे, वकीलबाई गाठली आहे. ती बारा तारखेची कचेरी म्हणजे वकीलबाईंचीच. म्हणजे दोघींचं सगळं ठरत होतं आणि मी काचा उतरवून घेत होतो.

मी हिला म्हणालो, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “शहाणे घरी बसा. आम्ही चढतो.”

मी घरी बसलो नाही. कोर्टात मागच्या बाकावर बसलो.

२ एप्रिल, बुधवार

न्यायाधीशांनी संरक्षणाचा आदेश दिला. दीड पान. त्याने घरापासून आणि दोघींपासून लांब राहायचं, फोन करायचा नाही, निरोप धाडायचा नाही. खाली सही आणि गोल शिक्का. भाषा वाईट आहे. पहिल्या परिच्छेदात ‘सदर’ सात वेळा, आणि एक वाक्य अकरा ओळींचं, ज्यात कर्ता हरवतो. मी घरी आल्यावर सवयीने पेन्सिल घेऊन दुरुस्त करायला बसलो. लेकीने कागद हातातून काढून घेतला. मग परत दिला. “झेरॉक्सवर करा,” म्हणाली. तेवढं बोललो आम्ही आज.

पोलीस ठाण्यातल्या हवालदारबाईंनी सांगितलं, प्रत दाराजवळ ठेवा, नंबर पाठ करा, आणि आला तर उघडू नका. मी विचारलं, “कागद दाखवल्यावर तो परत जाईल ना?” त्या म्हणाल्या, “काका, कागद कुणाला धरत नाही. आम्ही पोचेपर्यंत वेळ काढायचा.”

४ एप्रिल, शुक्रवार

फलक झाले. रक्षणाची सगळी वाक्यं गेली. बैलाखाली बैलाविषयी आहे, डोळ्याखाली डोळ्याविषयी. आणि प्रवेशाच्या फलकावर हे लिहिलं :

‘या वस्तू ज्या घरांत होत्या ती घरं सुरक्षित राहिली का, हे सांगता येत नाही. बरीचशी जळालेली सापडली. या वस्तूंवरून एवढंच नक्की कळतं, की त्या घरांतली माणसं घाबरलेली होती आणि कुणीतरी त्यांचं घाबरणं खरं मानलं होतं.’

संचालकबाईंनी दोनदा वाचलं. “कुलूपवाल्यांना आवडायचं नाही,” म्हणाल्या. मग खाली सही केली.

८ एप्रिल, मंगळवार

अक्षर वाईट येईल. चष्मा नाही.

प्रदर्शनाच्या पुस्तिकेची मुद्रितं तपासायला आज घरीच बसलो होतो. ही औषध आणायला बाहेर. लेक आत नातीचा अभ्यास घेत होती. चारला बेल वाजली. दाराच्या डोळ्यातून पाहिलं. तो होता. हातात फुलं.

मी लेकीला खुणेने बोलावलं. तिने पाहिलं आणि भिंतीला हात लावला. प्लास्टरातला हात. मी म्हटलं, “पोलिसांना फोन लाव. मी बाहेर जातो. माझ्यामागे दोन्ही कड्या घाल, आणि उघडू नकोस. मी सांगितलं तरी उघडू नकोस.”

“तुम्ही सांगितलं तरी?”

“मी सांगितलं तर मुळीच नको.”

मी का बाहेर गेलो ते मला नीट सांगता येत नाही. हवालदारबाई उघडू नका म्हणाल्या होत्या, आणि मी सूचना पाळणारा माणूस आहे. पण दार दोनदा त्याच्यासाठी उघडून तिसऱ्यांदा आत बसून राहणं जमेना. दोनदा म्हणजे गेल्या वर्षीचा लेकीचा फोनही धरून.

दार ओढून घेतलं. मागे एक कडी वाजली, मग दुसरी. मी पायपुसण्यावर स्लिपर घालून उभा. हातात आदेशाची झेरॉक्स.

“बाबा, हे काय? घरच्या माणसांत कागद?”

माझा आवाज फुटेना. म्हणून मी वाचायला लागलो. वाचायला आवाज लागतो, पण धैर्य लागत नाही. दावा क्रमांकापासून सुरुवात केली. तो आधी हसला. मग म्हणाला, “बाजूला व्हा.” मी ‘सदर अर्जदार’ पर्यंत आलो होतो. शिंपीणबाईचं दार उघडलं. वरच्या मजल्यावरचं उघडलं. लोक कठड्यावरून वाकले. मी जरा मोठ्याने वाचू लागलो.

मग तो ओरडला, “अहो, तुम्हीच बोलावलंत ना मला त्या रविवारी? बायको घरी नसते तेव्हा या म्हणालात! सांगू आत? सगळ्यांना सांगू?”

दार जेमतेम बोटभर जाडीचं आहे. आत सगळं ऐकू जातं. मी म्हटलं, “सांगा.” आणि पुढचं वाक्य वाचायला घेतलं. ते अकरा ओळींचं होतं.

तेव्हा त्याने मारलं. नाकावर. चष्मा जिन्यात गेला आणि खालच्या वळणावर फुटल्याचा आवाज आला. त्याने माझी कॉलर धरून मला बाजूला ओढलं, मी दाराचा कोयंडा धरला. चष्म्याविना अक्षर दिसेना. पण तो मजकूर मी चार दिवस पेन्सिलीने सुधारत बसलो होतो, तो मला येत होता. मूळ चुकांसकट म्हटला. शिंपीणबाई इस्त्री घेऊन माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. वरचे दोघे खाली आले. तो एक पायरी मागे झाला. मग फुलं उचलून खाली निघाला, पण हवालदारबाई आणि दोन शिपाई वर येत होते. पंचवीस मिनिटं झाली होती म्हणतात. आदेश दीड पानाचा. मी तो तीनदा म्हटला असणार.

त्याला घेऊन गेले. मी दारावर टकटक केली आणि म्हटलं, “गेला. उघड.”

आतून लेक म्हणाली, “हवालदारबाईंना बोलू द्या.”

त्या बोलल्यावर उघडलं.

ही आली तोवर मी खुर्चीत मान वर करून बसलो होतो. हिने कापूस आणला, पाणी आणलं, माझं नाक पुसलं. मग नातीला घेऊन आत गेली आणि दार लोटून घेतलं. लेक समोर बसली होती.

मी म्हटलं, “तो म्हणाला ते खरं आहे. मीच बोलावलं त्याला. वेळही मीच सांगितली.”

ती म्हणाली, “मला माहीत होतं. त्या दिवशीच सांगितलं त्याने, हात पिरगळताना.”

तेवीस दिवस. तेवीस दिवस ती माझ्या समोर बसून जेवली होती.

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते,” म्हणाली.

मला रडू आलं. नाक सुजलं असताना रडणं फार त्रासाचं असतं. ती उठून आली नाही. पण समोरून हललीही नाही. मग म्हणाली, “नाक डॉक्टरांना दाखवायला हवं, बाबा.”

११ एप्रिल, शुक्रवार

प्रदर्शन उघडलं. नाकावर पट्टी असल्याने मला पहिल्या रांगेत बसवलं नाही. कुलूप कंपनीच्या व्यवस्थापकांनी सुरक्षिततेवर वीस मिनिटं भाषण केलं. पाझुझूसमोर गर्दी झाली, फोटो काढले गेले. कुलूप कुणी पाहिलं नाही.

प्रवेशाच्या फलकापाशी एक बाई फार वेळ उभ्या होत्या. मला वाटलं चूक सापडली. जवळ जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, “नाही, नाही. वाचतेय.” आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या.

ही आली होती. आम्ही लग्नानंतर संग्रहालयात एकत्र कधी फिरलो नव्हतो. बैलासमोर उभी राहून म्हणाली, “पाच पाय आहेत याला.” मी कारण सांगायला लागलो. ही म्हणाली, “सांगू नका, बघू द्या.”

परतताना जिन्यात म्हणाली, “बोलावलं होतंत ते लेकीने सांगितलं मला.” मी थांबलो. ही थांबली नाही. दोन पायऱ्या पुढे जाऊन म्हणाली, “माफ केलेलं नाही. उद्यापासून आत झोपा, कोच मोडायला आलाय.”

१५ एप्रिल, मंगळवार

नातीचं नाव इकडच्या शाळेत घातलं. त्यासाठी जन्मदाखला लागला, तो होता. आज पहिला दिवस.

मी म्हटलं, “मी येतो सोडायला.” लेक म्हणाली, “नको. आम्ही जातो.” मी म्हटलं, कोपऱ्यापर्यंत येतो. ती म्हणाली, “बाबा.” मी चपला काढल्या.

दोघी जिना उतरल्या. मी खिडकीत उभा राहिलो. नवा चष्मा उद्या मिळेल, त्यामुळे सगळं धुरकट दिसत होतं, पण निळं दप्तर ओळखू येत होतं. वळणाशी नात मागे वळून पाहील असं वाटलं. आल्यापासून ती चार पावलं चालली की एकदा मागे पाहत असे. मी हात वर करून तयार ठेवला होता.

पाहिलं नाही तिने. आईला काहीतरी सांगत होती, हातवारे करून, आणि सांगत सांगत वळून गेली.

मी हात खाली घेतला. मग कामावर गेलो.